अकराव्या कलमाची दुरुस्ती

दादाने सभेची नोटीस मला पोस्टाने पाठवली. त्याची काचेची खोली आणि माझं टेबल यांच्यामध्ये एक जिना आणि दोर वळायची दोन यंत्रं, एवढंच अंतर. नुसती हाक मारली असती तरी चाललं असतं. पण नोटीस रीतसर 'पाठवावी' असं कायदा म्हणतो, म्हणून साहेबांनी तिकीट चिकटवलं आणि पोस्टमनने ती यंत्रांच्या खडखडाटात माझ्या हातात आणून दिली. तिथेच उभ्याउभ्या फाडून वाचली. कंपनीच्या नियमावलीतलं कलम अकरा वगळण्याचा ठराव मांडण्यासाठी भागधारकांची विशेष सभा. माझं डोकंच फिरलं.

आम्ही दोर बनवतो. उंचावर काम करणाऱ्यांचे दोर. काचा पुसणारे, भिंती रंगवणारे, पुलाच्या पोटाखाली लोंबकळून गंज खरवडणारे, अशा लोकांच्या कमरेला आमचा दोर असतो आणि खाली काहीच नसतं. कारखाना बाबांनी काढला. बाबा गेल्यावर संचालक उरलो आम्ही दोघं भाऊबहीण, आणि भागधारक तिघं: दादा, मी आणि मावशी. मावशी ही आमच्या आईची बहीण नव्हे. ती एका रंगाऱ्याची बायको.

आम्ही शाळेत होतो तेव्हा तो रंगारी एका उंच इमारतीवरून पडला. कमरेचा दोर आमचा होता. चौकशी झाली, कोर्टात खटला झाला, आणि दोरात खोट नव्हती, नव्या पत्र्याच्या धारेवर घासून तो कापला गेला, असा निकाल लागला. कोर्टाने बाबांना मोकळं केलं. बाबांना मात्र ते काही पटलं नाही. त्यांनी कंपनीची नियमावलीच दुरुस्त करून घेतली. तिसरा हिस्सा रंगाऱ्याच्या बायकोच्या नावावर केला आणि कलम अकरा घातलं. कारखान्यातून कोणताही लॉट बाहेर पडण्याआधी त्यातल्या दोरावर कंपनीच्या एका संचालकाने स्वतः लटकावं, खाली दोराचं टोक धरणारा 'उतर' म्हणेपर्यंत लटकावं, आणि तसं झाल्याचं रंगाऱ्याच्या पत्नीला त्याच दिवशी कळवावं.

तेव्हाच्या वकिलाने कपाळाला हात लावला होता. "अहो, असलं काही नियमावलीत घालतात का? घरात ठरवा आणि पाळा."

"घरात ठरवलेलं घरातच मोडता येतं," बाबा म्हणाले. "नियमावलीत घातलं की मोडायला सभा लागते." आणि वर अजून एक ओळ घातली: हे कलम बदलायचं तर सगळ्या भागधारकांनी स्वतः हजर राहून हात वर केले पाहिजेत. एकाचाही हात खाली राहिला तर कलम जागच्या जागी.

म्हणजे माझ्या एका हातावर काम भागत होतं. वर करायचाच नाही, की संपलं. पण दादाने दुसऱ्याच दिवशी जिन्यात मला गाठलं.

"चिमे, ऐकून घे," तो म्हणाला. मी पन्नाशी ओलांडली, केस पिकले, तरी त्याच्या तोंडी मी चिमीच. "विमावाले स्पष्ट सांगतायत. ज्या कंपनीत मालकांनी उंचावर लटकायचं असं लेखी आहे, तिचा विमा ते काढणार नाहीत. विमा नाही तर पुलाचं काम करणारे आपला दोर घेणार नाहीत. ते गेले की अर्धी यंत्रं बंद. त्या यंत्रांवरच्या माणसांना तू तोंड दाखवणार आहेस की मी?"

"दोर तपासायचा कसा मग?"

"यंत्रावर. तुटेपर्यंत ताणतात, तेव्हा कळतं त्याच्यात किती जोर आहे. तू लटकून काय कळतं? तुझ्या वजनाने जो दोर तुटेल त्याच्यावर कपडेसुद्धा वाळत घालू नयेत."

हे खरं होतं. मला कधीपासून ठाऊक होतं, आणि जीव गेला तरी मी त्याच्यापुढे कबूल केलं नसतं. "यंत्राला घरी वाट बघणारं कोणी नसतं, दादा. माणूस वर दिसला की खाली दोर वळणाऱ्याचा हात जपून चालतो. एवढंच कळतं. आणि तुला काय त्याचं? तू बाबा गेल्यापासून एकदा तरी लटकलायस?"

त्याने मान फिरवली. "कलम राहिलं तर मी माझा हिस्सा विकतो," एवढंच म्हणाला आणि वर गेला. दादा पोकळ धमक्या देणाऱ्यातला नाही. त्याने हिस्सा विकला असता तर बाबांच्या कारखान्यात कोणी परका येऊन बसला असता, आणि आम्ही दोघं भाऊबहीण लग्नकार्यात एकमेकांना नमस्कार करण्यापुरते उरलो असतो.

त्याच्या खोलीचाही मला राग होता. तिन्ही बाजूंनी काच, खाली अख्खा कारखाना दिसावा म्हणून बाबांनी मुद्दाम तशी बांधलेली. आणि हा पठ्ठ्या खुर्ची भिंतीकडे तोंड करून बसायचा. मी तुळईला लटकलेली असायची तेव्हा मला वरून त्याचं टक्कल दिसायचं. बहीण हवेत आणि साहेब भिंतीकडे बघून फोनवर बोलतायत. बाबांच्या शब्दाची याला एवढीच किंमत, असं मी धरून चालले होते.

म्हणून मला मावशीचा हात हवा होता. माझं 'नाही' म्हणजे चिमीचा हट्ट. मावशीचं 'नाही' म्हणजे जिच्यासाठी हे सगळं चाललंय तिचंच 'नाही'. त्यापुढे दादाची बोलती बंद झाली असती, हिस्सा विकायला त्याचं मन धजावलं नसतं. आणि मावशी 'नाही'च म्हणणार याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. इतकी वर्षं प्रत्येक लॉटनंतर आधी बाबांचा आणि मग माझा फोन तिला जात होता. "मावशी, झालं." "बरं." एवढंच संभाषण. मला वाटायचं, कमी बोलणारी, समाधानी बाई आहे.

सभेच्या दिवशी पुलाच्या कामाचा लॉट तयार होता आणि ट्रक फाटकाशी लागलेला. दादाचा बेत सरळ होता. सभा आधी, लॉट नंतर. ठराव झाला की दोर न लटकताच रवाना.

मावशी टॅक्सीने आली. बाबा असताना तेच तिच्या घरी जायचे. कारखान्यात तिने पाऊल टाकलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. किडकिडीत, ताठ, खांद्याला कापडी पिशवी. वर काचेच्या खोलीत कंपनीच्या वकीलबाईंनी तिला खुर्ची दिली, चहा पुढे केला, बिस्किटं पुढे केली.

"नको," मावशी म्हणाली. "आज लॉट जायचाय ना? मग नंतर. डबा आणलाय मी." पिशवीवर हात ठेवून बसून राहिली. मला वाटलं, म्हातारीचं काही पथ्य असेल.

वकीलबाईंनी घसा साफ केला. "तिन्ही भागधारक हजर आहेत. तेव्हा—"

"एक मिनिट," मी म्हणाले. "कलम अजून आहे ना? मग लॉट तयार आहे तो मी आधी लटकून घेते. आत्ताच्या घडीला कंपनीचा नियम तोच आहे."

वकीलबाईंनी दादाकडे पाहिलं. "त्यांचं बरोबर आहे."

"चिमे, तुझा खांदा—" दादा म्हणाला. माझ्या उजव्या खांद्याची वाट लागली होती आणि ते फक्त खाली टोक धरणाऱ्या मुकादमाला माहीत होतं, असा माझा समज होता. चुगली केली होती तर मेल्याने.

"मावशी, तुम्ही कधी पाहिलं नाहीत ना?" मी तिच्याकडे वळले. "चला. आज टोक तुम्ही धरा."

हे मी मुद्दाम केलं. खोटं कशाला बोलू? एकदा तिने मला तिच्या माणसाच्या जागी लटकलेलं पाहिलं, टोक तिच्या हातात आलं, की तिचा हात वर जाणार नाही असा माझा हिशेब होता. मावशी उठली. पिशवी खुर्चीवर ठेवून माझ्यामागून जिना उतरली.

लटकण्याची आमची पद्धत अशी. दोर तुळईला बांधतात. मध्यावर गाठीचा फास, आणि उरलेला दोर खाली जमिनीपर्यंत. मी लोखंडी शिडीने वरच्या अरुंद सज्ज्यावर जाते, कमरेचा आणि मांड्यांचा पट्टा त्या फासात अडकवते आणि सज्ज्यावरून पाय सोडते. दुसरा दोर नाही, जाळी नाही, खाली फरशी. खालचा माणूस 'उतर' म्हणतो आणि टोक ओढून मला सज्ज्याकडे झुलवतो, की मी कठडा पकडते. त्याने ओढलं नाही तर मी एकटी परत येऊ शकत नाही. एरवी टोक मुकादम धरतो. चार श्वास होतात न होतात तोच तो 'उतर' म्हणतो, कारण त्याला चहाची घाई असते.

गाठ मी स्वतः मारली, दोनदा तपासली आणि पाय सोडले. यंत्रं थांबली. लॉट लटकताना यंत्रं थांबवतात, तीही बाबांचीच शिस्त. सगळे माना वर करून उभे होते. मावशी माझ्या बरोबर खाली, दोन्ही हातांत टोक घट्ट धरून.

मी तिच्याकडे बघून हसले. ती हसली नाही. वर बघत राहिली.

थोडा वेळ गेला. पट्टा मांडीत रुतायला लागला. हे नेहमीचंच. मुकादम तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "मावशी, 'उतर' म्हणायचं आणि ओढायचं."

तिचे ओठ हलले. आवाज आला नाही.

अजून थोडा वेळ गेला. उजवा खांदा ठणकायला लागला म्हणून मी डाव्या हाताने दोर धरला, तशी गिरकी घेतली आणि माझं तोंड काचेच्या खोलीकडे झालं. खोली रिकामी होती. दादा जिन्यावर उभा होता, कठडा धरून, आणि माझ्याकडे बघत होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी हवेत असताना त्याला माझ्याकडे बघताना मी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं.

"मावशी, म्हणा ना!" मुकादमाचा आवाज चढला. त्याने टोकाला हात घातला.

"हात लावू नकोस!" मी वरून ओरडले. "टोक त्यांच्याकडे आहे. त्याच म्हणतील." माझी अक्कल तेव्हा कुठे चरायला गेली होती कोण जाणे. पण त्या क्षणी मला वाटत होतं की मुकादमाने ओढलं तर मी हरले. कलम मोडलं, आणि तेही मीच.

मुकादमाने हात काढला. पायांना मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या. पट्ट्यात असं फार वेळ निश्चल लोंबकळलं की रक्त पायांत साचतं आणि माणूस बेशुद्ध होतो. गिऱ्हाइकांना हे समजावून सांगायची वेळ माझ्यावर दर महिन्याला येते. कानात घूं आवाज सुरू झाला. पहिल्यांदाच मला भीती वाटली. दोराची नाही. खाली उभ्या त्या बाईची, जी माझ्याकडे बघत होती आणि जिला मी दिसत नव्हते.

दादा धावत खाली आला. मला वाटलं आता हा टोक हिसकावणार, आणि खरं सांगते, हिसकावलं असतं तर मी ओरडले नसते. माझ्यात तेवढा जोरच उरला नव्हता. पण तो मावशीसमोर जाऊन उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "मावशी, काय होतंय?"

कारखान्यात इतकी शांतता होती की मला वरपर्यंत शब्द न् शब्द ऐकू आला.

"त्या दिवशी मी त्याचा डबा घेऊन गेले होते," मावशी म्हणाली. "खालून हाक मारली. उतर, जेवून घे, म्हटलं. तो हसला आणि उतरायला निघाला." ती थांबली. "त्यानंतर मी हा शब्द कोणाला म्हटला नाही. माझ्याने म्हणवत नाही रे."

 बाबांनी हा शब्द कलमात का घातला होता, ते आम्हाला ठाऊक होतं. रंगाऱ्यांना काम संपल्यावर तशीच हाक मारतात म्हणून. शेवटची हाक कोणाची होती हे त्यांनी कधी विचारलं नसावं. आम्ही तरी कुठे विचारलं होतं?

"मग नका म्हणू," दादा म्हणाला. त्याने तिच्या हातांवर आपले हात ठेवले. "नुसतं ओढू या. दोघं मिळून. मीही आहे."

माझी मान लुळी पडत होती. कलमात 'उतर' म्हणेपर्यंत असं आहे, नुसतं ओढून चालायचं नाही, असं मला ओरडायचं होतं का? नव्हतं. मला खाली यायचं होतं. बाबांच्या कलमाला साक्ष ठेवून सांगते, मला फक्त खाली यायचं होतं.

दोर ताणला गेला. मी झुलले, सज्ज्याचा कठडा समोर आला, उजव्या हाताने धरायला गेले आणि हात उचललाच गेला नाही. कठडा निसटला. मी परत मध्ये. खालून कोणीतरी किंचाळलं.

"चिमे, डावा! डावा हात!" दादा ओरडला. पुन्हा ओढ बसली, पहिलीपेक्षा जोराची, आणि त्याबरोबर मावशीचा आवाज आला, चिरका, तुटका, पण अख्ख्या कारखान्यात घुमला. "उतर ग पोरी! उतर! उतर!"

डाव्या हाताने कठडा सापडला. मुकादम सज्ज्यावर चढलेलाच होता, त्याने मला पट्ट्याला धरून आत ओढलं. पायांत जीव यायला बराच वेळ लागला. तोवर मी सज्ज्यावर आडवी पडून छताकडे बघत होते आणि मला रडू येत होतं, रागाने की कशाने ते कळत नव्हतं.

वर काचेच्या खोलीत वकीलबाईंनी पुन्हा घसा साफ केला. मावशी खुर्चीत बसली होती. कापडी पिशवी मांडीवर.

"मला एक सांगा," ती म्हणाली. "हे कलम कोणासाठी आहे?"

"तुमच्यासाठी, मावशी," मी म्हणाले.

"माझ्यासाठी." तिने मान हलवली. "तुझ्या वडिलांनी पहिल्यांदा येऊन सांगितलं, वहिनी, आता प्रत्येक वेळी आमच्यातलं कोणीतरी वर जाईल. भल्या मनाने सांगितलं. मी काय बोलणार? तेव्हापासून लॉट जायचा दिवस असला की सकाळी कारखान्यातून निरोप यायचा. मग फोन येईपर्यंत मी जेवत नाही. आधी तुझ्या वडिलांसाठी नाही जेवले, मग तुझ्यासाठी. फोन वाजला की वाटतं, आज काय ऐकायला मिळणार. तू म्हणतेस झालं, मी म्हणते बरं, आणि ताट वाढून घेते. कधी दुपारी, कधी संध्याकाळी. एक माणूस गेला माझा. तुम्ही त्याला इतक्या वेळा परत वर पाठवलंत."

 इतकी वर्षं मी अभिमानाने फोन फिरवत होते. आपण बाबांचा शब्द राखतो, एका बाईचं दुःख हलकं करतो, या तोऱ्यात. आणि ती बाई तिकडे उपाशी बसलेली. शरमेने मला मान वर करवेना.

"मीही पाठ करून बसतो ते त्यासाठीच," दादा खिडकीकडे बघत म्हणाला. "बघवत नाही मला. अठराव्या वर्षी बाबांनी एकदा लटकवलं होतं, आठवतंय? तेव्हा माझं धोतर ओलं व्हायचं बाकी राहिलं होतं." धोतर त्याने उभ्या जन्मात नेसलेलं नाही. वकीलबाई हसल्या, मावशी हसली, आणि मग मलाही हसू आलं. हसताना खांदा दुखला.

"ठराव वाचा," मी म्हणाले.

वकीलबाईंनी वाचला. "कंपनीच्या नियमावलीतील कलम अकरा वगळण्यात येत आहे."

"नाही."

दादाने डोळे मिटले. "चिमे, अजूनही?"

"वगळायचं नाही. बदलायचं." मी टेबलाला धरून उभी राहिले. "लिहा. प्रत्येक लॉटमधला दोर यंत्रावर तुटेपर्यंत ताणावा. आणि तो तुटताना कंपनीचा एक संचालक तिथे समोर उभा राहून बघेल. पाठ करून नाही. आळीपाळीने बघतील. एकदा मी, एकदा दादा."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुटताना फार मोठा आवाज होतो ग."

"कापूस घाल कानात. डोळे उघडे ठेव म्हणजे झालं."

"नोटीस वगळण्याची आहे," वकीलबाई म्हणाल्या, "पण तिघंही हजर आहेत, तिघांची लेखी संमती असेल तर मजकूर बदलता येईल." त्यांनी ओळ खोडली, नवी लिहिली, वाचून दाखवली. "आणि शेवटचं वाक्य? रंगाऱ्याच्या पत्नीला त्याच दिवशी कळवावं, हे?"

आम्ही दोघांनी मावशीकडे पाहिलं.

"ते काढा," मावशी म्हणाली.

"बाजूने असलेल्यांनी हात वर करावेत."

दादाचा हात गेला. मावशीचा गेला, सुरकुतलेला, दोराने तळवा लाल झालेला. मी उजवा उचलायला गेले, उचलेना. मग डावा वर केला आणि वकीलबाईंनी तिघांची नोंद करेपर्यंत तो वर धरून ठेवला. मावशीने पिशवीतून डबा काढला, तिथेच टेबलावर उघडला आणि आमची परवानगी न घेता जेवायला लागली.

दुरुस्ती निबंधकांच्या कचेरीत दाखल झाली. ती मंजूर झाल्यानंतरच्या पहिल्या लॉटला पाळी दादाची होती. दोर तुटला तेव्हा बंदुकीसारखा आवाज झाला, दादा जागच्या जागी उडाला, पण त्याने डोळे मिटले नाहीत; मी बघत होते. ट्रक फाटकाबाहेर पडला. मी टेबलाशी आले आणि सवयीने फोन फिरवला. घंटा वाजायला लागल्यावर लक्षात आलं की आता कळवायचं नाहीये, ते वाक्य आपणच काढलंय. ठेवणार तेवढ्यात तिने उचलला.

"मावशी—" मी म्हणाले.

"जेवले ग मी," मावशी म्हणाली. "मघाशीच जेवले. तू जेवलीस का?"